मुंत्यानु, मुंत्यान, मुंचान: एक रोमेनियन आडनाव आणि त्याचे परदेशातले वेश

दप्तरशोध

पूर्व युरोपातल्या आडनावांची एक नोंदसूची करतोय, त्यात एका आडनावापाशी गाडी अडली आहे. रोमेनियात ते एम-यू-एन-टी-ई-ए-एन-यू असं लिहितात, उच्चार साधारण मुंत्यानु. अमेरिकेतल्या जुन्या चर्चच्या नोंदींमध्ये शेवटचा यू नाही. हंगेरीत मधे वाय येतो. युक्रेनमधून आलेल्या लोकांच्या पासपोर्टवर टी-आय-ए-एन दिसतं. सर्बियातल्या बानात भागात मुंचान नावाची घराणी आहेत, तीही हीच असं एके ठिकाणी वाचलं.

जाणकारांना विचारायचं ते असं. हे सगळं खरोखर एकच आडनाव आहे का? असल्यास मूळ घराणं एक की अनेक? आडनावांचे नकाशे दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर मोल्दोवा प्रजासत्ताकाचा रंग रोमेनियापेक्षा गडद दिसतो, मग उगम तिकडचा धरायचा का? आणि अमेरिकेत 1909 साली उतरलेल्या, जहाजाच्या यादीत देश म्हणून 'हंगेरी' लिहिलेल्या मुंत्यानचं गाव शोधायचं तर सुरुवात कुठून करायची?

कार्पेथियनपार

आडनाव एकच, घराणी असंख्य. शेवटचा '-यानु' हा प्रत्यय आपल्या '-कर'सारखा चालतो: अमुक ठिकाणचा माणूस. ओल्त्यानु म्हणजे ओल्तेनियाचा, मोल्दोव्यानु मोल्दावियाचा (आजचा पूर्व रोमेनिया आणि मोल्दोवा मिळून असलेला जुना प्रांत), आर्देल्यानु आर्द्यालचा म्हणजे ट्रान्सिल्व्हेनियाचा. मुंत्यानु म्हणजे मुंतेनियाचा. मुंतेनिया हे वालाकियाला, म्हणजे रोमेनियाच्या दक्षिण भागाला, शेजाऱ्यांनी, विशेषतः मोल्दावियाच्या लोकांनी दिलेलं नाव. वालाकियाचे लोक स्वतःच्या प्रांताला 'त्सारा रोमन्यास्का' म्हणत.

यातली मेख अशी की असं नाव माणसाला आपल्या गावात पडत नाही, गाव सोडल्यावर पडतं. वालाकियाच्या खेड्यात सगळेच तिथले, तिथे कुणाला मुंत्यान म्हणून काय वेगळं कळणार? तोच माणूस मेंढरं घेऊन, कर चुकवून किंवा लढाईच्या धामधुमीत सीमा ओलांडून मोल्दावियात गेला की तो मुंत्यान. कार्पेथियन पर्वत ओलांडून ट्रान्सिल्व्हेनियात गेला तरी मुंत्यान. म्हणून नकाशावर जिथे हे नाव दाट आहे ती बहुतेक वेळा माणसं येऊन स्थिरावली ती जागा असते, निघाली ती नव्हे. मोल्दोव्यान आणि मोल्दोवान या नावांचंही तसंच. मोल्दोवान आज क्लुज आणि मुरेश या ट्रान्सिल्व्हेनियातल्या जिल्ह्यांत भरपूर आहे.

त्यामुळे मोल्दोवा गडद दिसतो म्हणून उगम तिकडचा, हा निष्कर्ष नेमका उलटा पडतो. तिथे ते गडद आहे कारण तिथे ते परक्याचं नाव होतं.

शेवटच्या 'यू'चा मुद्दा सोपा पण फार कामाचा आहे. ट्रान्सिल्व्हेनिया आणि बानातमध्ये यू नसलेलं रूप रुळलं: मुंत्यान, ओल्त्यान, आर्देल्यान, मोल्दोवान. पर्वताच्या पूर्वेला आणि दक्षिणेला यूसह. अपवाद दोन्हीकडे सापडतात, पण परदेशात एखादं नाव पुढ्यात आलं की पहिला अंदाज यावरूनच बांधायचा.

आडनावं कायम कधी झाली हेही बघा. जुन्या, म्हणजे ट्रान्सिल्व्हेनिया जोडण्याआधीच्या, रोमेनियात कायम आडनावाचा कायदा 1895 च्या मार्चमध्ये आला. त्याआधी बाप मुंत्यानु आणि मुलगा बापाच्या पाळण्यातल्या नावावरून वेगळंच काहीतरी, हे अगदी नेहमीचं. 1895 च्या मागे जाताना आडनावाचा धागा धरून चालू नका. गाव, आईबापांची पहिली नावं आणि घराचा क्रमांक धरा. ट्रान्सिल्व्हेनिया तेव्हा हॅब्सबर्ग राजवटीत होता, तिथल्या कारकुनीमुळे आडनावं बरीच आधी घट्ट झाली.

डोंगरउतार

वर बहुतेक बरोबर आहे, पण एक बाजू राहिली. 'मुंते' म्हणजे डोंगर, आणि मुंत्यान म्हणजे नुसता डोंगरातला माणूस असाही अर्थ होतो. सपाटीवरच्या गावात वरून उतरून आलेल्याला कुठल्याही प्रांताचा संबंध नसताना हे नाव पडू शकतं. पात्रिआर्क निकोदिम यांचं उदाहरण घ्या. 1939 ते 1948 रोमेनियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख, घरचं आडनाव मुंत्यानु, जन्म 1864 साली न्याम्त्स जिल्ह्यातल्या पिपिरिगमध्ये. हे मोल्दावियातलं डोंगराळ गाव. पूर्वज वालाकियातून आले की वरच्या वाडीतून खाली उतरले, हे नुसत्या आडनावावरून सांगता येणार नाही.

तिसरी वाट गावाच्या नावाची. वासलुई जिल्ह्यात मुंतेनी दे झोस आणि मुंतेनी दे सुस, म्हणजे खालचं आणि वरचं मुंतेनी, अशी गावं आहेत. गलात्स जिल्ह्यातही एक मुंतेनी आहे. तिथून बाहेर पडलेल्यालाही मुंत्यानु म्हणणं साहजिक.

माझा ठोकताळा असा: मोल्दावियाच्या किंवा बेसाराबियाच्या (साधारण आजच्या मोल्दोवाच्या) सपाटीवरचं गाव असेल तर आधी 'वालाकियाचा' हा अर्थ घ्यावा. ट्रान्सिल्व्हेनियात डोंगराच्या पायथ्याचं गाव असेल तर दोन्ही दारं उघडी ठेवावीत. सूचीत एकच अर्थ ठोकून देऊ नका.

लिपीकार

रूपांचा गोंधळ लिपीमुळे आहे, तो सोडवला की अर्धं काम झालं. या नावात त्रास देणारी जागा एकच: टीनंतरचं ई-ए. ते दोन वेगळे स्वर नाहीत, 'त्या' असा एकत्र उच्चार आहे. प्रत्येक लिपीने तो आपापल्या सोयीने पकडला.

हंगेरियन कारकुनाला 'त्य' हा आवाज घरचाच. त्याच्याकडे त्यासाठी टी-वाय अशी जोडी आहे, म्हणून मुंत्यान लिहिताना टी-वाय आणि वर तिरकी रेघ दिलेला दीर्घ ए. हंगेरीत ग्युला आणि मेहकेरेक या रोमेनियन वस्तीच्या भागात रोमेनियन नावं शोधताना ही हंगेरियन घडणही धरून चालावं लागतं.

सर्बियन बानातात तोच मऊ 'त्य' सर्बियनच्या मऊ 'च'मध्ये गेला: मुंचान. रोमन लिपीत तो सीवर तिरकी रेघ देऊन लिहितात. पहिल्या महायुद्धानंतर बानातची वाटणी रोमेनिया, सर्बियन-क्रोएशियन-स्लोव्हेन राज्य आणि थोडी हंगेरी अशी झाली. व्हर्शात्स आणि अलिबुनारच्या आसपासची रोमेनियन गावं पलीकडे गेली. तिथला माणूस पुढे अमेरिकेत किंवा ऑस्ट्रियात गेला की रेघ गळते, उरतं एम-यू-एन-सी-ए-एन, आणि इंग्रजी वाचणारा त्याला 'मंकन' म्हणतो. आता यावरून मूळ नाव कुणाच्या ध्यानात येणार! पण हो, हे तेच आडनाव.

रशियन बाजूला बेसाराबिया 1812 ते 1918 झारच्या ताब्यात होता. चर्चच्या नोंदवह्यांत 'त्या'साठी सिरिलिक म्हणजे रशियन लिपीतलं 'या' अक्षर वापरलं आणि शेवटी त्या काळच्या रीतीने मूक कठोरचिन्ह. काही ठिकाणी त्यावर '-ओव्ह' लावून मुंत्यानोव्ह केलं. सोव्हिएत कागदपत्रांत मुंत्यान आणि मुंत्यानु दोन्ही चालू होती, सख्ख्या भावंडांतसुद्धा.

हेच सिरिलिक नाव परत रोमन लिपीत आणताना कुठला नियम लावला त्यावर पासपोर्ट ठरतो. युक्रेनच्या 2010 च्या लिप्यंतर नियमात शब्दाच्या मधलं 'या' आय-ए होतं, म्हणून एम-यू-एन-टी-आय-ए-एन. जुन्या रशियन पद्धतीत ते वाय-ए. मोल्दोवात 1989 च्या भाषा कायद्याने रोमन लिपी परत आली आणि तिथे रोमेनियन ई-ए रूप लागलं. थोडक्यात, टी-आय-ए-एन हे रूप दिसलं की आधी ओडेसा आणि चेर्निव्हत्सी प्रांत तपासावेत.

आणखी एक खड्डा, यात भले भले पडतात. 1860 च्या आसपासपर्यंत रोमेनियन भाषासुद्धा सिरिलिकमध्येच लिहीत. त्या लिपीत 'त्या'मधला स्वर 'यात' नावाच्या अक्षराने दाखवत. रशियनमध्ये हेच अक्षर 'ये' असं वाचतात. रशियन शिकलेल्या माणसाने रोमेनियन नोंदवही वाचली की सूचीत मुंतेन, मुंतेनु अशी नावं तयार होतात, जी प्रत्यक्षात कुणाचीच नव्हती. जुन्या नोंदींच्या सूचीत शोधताना ही चुकीची रूपंही टाकून बघा. काही अक्षरं ओळीच्या वर लहान करून लिहायची पद्धत होती, विशेषतः शब्दाच्या शेवटचं व्यंजन, तेही वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतं.

आकडेमोड

नकाशांबद्दल. रंग गडद असणं म्हणजे लोकसंख्येच्या प्रमाणात जास्त, संख्येने जास्त नव्हे. रोमेनियाची 2021 च्या जनगणनेत लोकसंख्या 1 कोटी 90 लाखांच्या घरात, मोल्दोवाची त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी. मुंत्यानु हे मोल्दोवातल्या सर्वांत रुळलेल्या आडनावांपैकी एक आहे, त्यामुळे तिथला रंग गडद होणारच. 'एकूण संख्या' आणि 'प्रमाण' ही दोन बटणं वेगळी असतात, दोन्ही बघितल्याशिवाय बोलू नये.

त्याहून मोठी अडचण म्हणजे प्रत्येक देशाचा आकडा वेगळ्या मुळातून येतो आणि संकेतस्थळं ते एकाच पाटावर मांडतात.

फ्रान्समधले आडनावांचे लोकप्रिय नकाशे तिथल्या सांख्यिकी संस्थेच्या जन्मनोंदींवर उभे आहेत, 1891 ते 1990, पंचवीस-पंचवीस वर्षांचे चार टप्पे. त्यात फक्त फ्रान्समध्ये जन्मलेली माणसं. 2007 नंतर, रोमेनिया युरोपीय संघात आल्यावर, बांधकामावर आलेला मुंत्यानु तिथे शून्य. जर्मनी आणि इटलीतले बरेच नकाशे जुन्या टेलिफोन डिरेक्टरीवर आधारलेले आहेत. मोबाइलच्या काळात आलेल्या स्थलांतरिताच्या घरी लँडलाइन कुठून असणार? इटलीत रोमेनियन हा सर्वांत मोठा परदेशी गट आहे, दहा लाखांच्या वर, पण अशा नकाशात तो जवळजवळ अदृश्य. अमेरिकेच्या जनगणना खात्याची 2000 आणि 2010 ची यादी चांगली आहे, मात्र तिच्यात किमान 100 माणसं असलेलीच आडनावं येतात. मुंत्यानसारखी रूपं मिळतील, मुंत्यानोव्हसारखी दुर्मिळ रूपं बहुधा गळतील. शिवाय प्रत्येक रूप स्वतंत्र मोजलेलं असतं, बेरीज आपणच करायची.

या सगळ्यांत स्पेन सर्वांत उजवं. तिथली राष्ट्रीय सांख्यिकी संस्था नगरपालिकांच्या रहिवासी नोंदवहीवरून आडनावांचे आकडे देते, प्रांतवार. त्या वहीत परदेशी नागरिकही असतात, म्हणून चित्र ताजं मिळतं. कास्तेयोन आणि माद्रिदच्या पूर्वेकडचा पट्टा (कोस्लादा, अल्काला दे एनारेस) रोमेनियन वस्तीसाठी ओळखला जातो, तो तिथे लगेच उठून दिसतो.

मात्र स्पेनचा आकडा वाचताना एक कळ लक्षात ठेवा. तिथे माणसाला दोन आडनावं, पहिलं बापाकडून, दुसरं आईकडून अशी जुनी रीत. रोमेनियन नागरिकाला एकच, म्हणून त्याचा दुसरा रकाना रिकामा. त्याने स्पॅनिश नागरिकत्व घेतलं की दुसरा रकाना आईच्या माहेरच्या नावाने भरतो. लग्नानंतर मुंत्यानु झालेली बाई नागरिक होताना जन्माच्या आडनावावर परत जाते. परिणाम असा की 'पहिलं आडनाव' या रकान्यातून काही मुंत्यानु गायब होतात आणि दुसऱ्यात नवे उगवतात. वर्षागणिक तुलना करायची तर दोन्ही रकाने घ्या, पण बेरजेत 'दोन्ही आडनावं तीच' असलेली माणसं दोनदा धरू नका.

शेवटचा घोळ पासपोर्टचा. रोमेनियाच्या 1991 च्या नागरिकत्व कायद्याने पूर्वीच्या रोमेनियन नागरिकांच्या वंशजांना नागरिकत्व परत मिळतं, आणि मोल्दोवातल्या कितीतरी लोकांनी ते घेतलंय. त्यामुळे इटलीत रोमेनियन पासपोर्टवर राहणारा मुंत्यानु रोमेनियातल्या यासीचा असेल तसाच मोल्दोवातल्या किशिनाऊचाही असेल. नागरिकत्वाच्या रकान्यावरून मूळ गाव ठरवता येत नाही.

दप्तरशोध

जहाजाच्या यादीबद्दल कुणी सांगेल का? पानावर 'हंगेरी' आहे आणि शेजारच्या रकान्यात 'रोमेनियन'. यातलं खरं कुठलं?

गोदीकारकून

दोन्ही खरी. 1899 पासून अमेरिकेला जाणाऱ्या जहाजांच्या याद्यांत नागरिकत्वाशिवाय 'वंश किंवा लोक' असा वेगळा रकाना होता. 1909 साली ट्रान्सिल्व्हेनिया हॅब्सबर्ग राजवटीखालच्या हंगेरीच्या राज्यात, म्हणून नागरिकत्व हंगेरी, माणूस रोमेनियन. उलट जुन्या रोमेनियाच्या राज्यातून आलेल्यांत ज्यू लोकांचं प्रमाण मोठं होतं, त्यांच्या त्याच रकान्यात 'हिब्रू' लिहिलेलं आढळतं. फक्त देशाच्या रकान्यावर गाळणी लावली तर ट्रान्सिल्व्हेनियाचे जवळपास सगळे मुंत्यान हातचे जातील.

एलिस आयलंडवर (न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांचं तपासणी केंद्र) अधिकाऱ्याने नाव बदललं, ही दंतकथा सोडून द्या. यादी युरोपच्या बंदरात जहाज कंपनीचा कारकून भरायचा, अमेरिकेत ती फक्त ताडून बघत. चूक असेल तर ती हांबुर्ग, ब्रेमेन किंवा फिउमेला झालेली.

1907 नंतरची यादी दोन पानी असते. संगणकावर डावं पान उघडलं की बरेच जण तिथेच थांबतात. जन्मगावाचा रकाना उजव्या पानाच्या शेवटाकडे असतो. डाव्या पानावर मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता असतो, बहुतेकदा बाप किंवा बायको, तोही उतरवून घ्या. गावाचं नाव हंगेरियन वळणाने, ऐकून लिहिलेलं असणार. हंगेरीने 1898 च्या कायद्याने गावांची नावं प्रमाणित केली आणि अनेक ठिकाणी ती हंगेरियन केली, म्हणून 1913 ची हंगेरियन गावसूची जवळ ठेवा. तिच्यातून जिल्हा आणि तालुका कळतो, मग आजच्या रोमेनियन नावाशी मेळ घालता येतो. एकाच नावाची चार गावं निघाली तर नातेवाइकाच्या पत्त्यातला टपाल-गावाचा उल्लेख निवाडा करतो.

यादी अस्पष्ट असेल तर अमेरिकेतले नंतरचे कागद वापरा. सप्टेंबर 1906 नंतरच्या नागरिकत्वाच्या अर्जांत जन्मस्थान, जहाज आणि उतरल्याची तारीख मागितलेली असते. लष्करी नोंदणीचं कार्ड 1917 च्या जूनमधलं असेल तर जन्मस्थान मिळेल. सप्टेंबर 1918 च्या कार्डात तो रकानाच नाही, त्यामागे लागू नका. त्याऐवजी एप्रिल 1942 ची वयस्कांची नोंदणी पाहा, 1877 ते 1897 च्या दरम्यान जन्मलेल्या पुरुषांची. तिच्यात जन्मस्थान आहे.

चर्चही विसरू नका. क्लीव्हलंडचं सेंट मेरी हे 1904 चं, अमेरिकेतलं सर्वांत जुनं रोमेनियन ऑर्थोडॉक्स चर्च. यंगस्टाउन, कँटन, डेट्रॉइट, गॅरी ही बाकीची पोलाद आणि कारखान्यांची गावं. यू नसलेले मुंत्यान तिथे दाट सापडतात. यूसह मुंत्यानु अमेरिकेत दिसले की ती बहुधा खूप नंतरची, युद्धोत्तर किंवा 1989 नंतरची मंडळी. कॅनडात चित्र वेगळं: सास्काचेवान आणि अल्बर्टातले जुने रोमेनियन मुख्यतः ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या बुकोविनाचे, अल्बर्टातलं बोयान हे गाव बुकोविनातल्या बोयानवरूनच नाव घेतलेलं. तिथे 'ऑस्ट्रिया' असा देश दिसेल.

कार्पेथियनपार

गाव सापडल्यावरचं थोडं. ट्रान्सिल्व्हेनियात नागरी नोंदणी 1 ऑक्टोबर 1895 पासून, तीही हंगेरियनमध्ये. आडनाव आधी, नाव नंतर, त्यामुळे संगणकीय सूच्यांत उलटापालट झालेली असते, यानोश हे आडनाव म्हणून नोंदलेलं आढळलं तर दचकू नका. पाळण्यातली नावंही बदललेली: इओनचा यानोश, ग्योर्गेचा ग्यॉर्ग्य, निकोलायेचा मिक्लोश. वासिलेचा लास्लो करत, हे माहीत नसेल तर नोंद समोर असून दिसत नाही.

धर्माचा रकाना वाचताना हंगेरियनमधले दोन संक्षेप नीट ओळखा, दोन्हींची सुरुवात 'ग्रीक'च्या संक्षेपाने होते. 'काथ'वाला ग्रीक कॅथलिक, 'केल'वाला ऑर्थोडॉक्स. 1895 च्या मागची नोंदवही त्या-त्या चर्चची असते, आणि एकाच गावात दोन चर्चं असतील तर दोन वह्या. चुकीच्या वहीत शोधून 'नाव नाही' असा शेरा मारणारे पुष्कळ.

जुन्या वह्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या जिल्हा शाखेत, अलीकडच्या नगरपालिकेच्या नागरी नोंदणी कार्यालयात. अर्ज रोमेनियनमध्ये करा, आणि त्यात गावाचं आजचं व जुनं हंगेरियन अशी दोन्ही नावं, धर्म आणि दोन-तीन वर्षांची मर्यादा द्या. नुसतं 'मुंत्यान, जन्म 1885च्या सुमारास' असं पाठवलं तर उत्तर येणार नाही, कारण एकेका खेड्यात त्या नावाची दहा घरं असतात. अशा ठिकाणी कुटुंबाचं टोपणनाव किंवा घरक्रमांक हाच भेद. नोंदवहीत घरक्रमांकाचा रकाना असेल तर प्रत्येक नोंदीबरोबर तो उतरवा. एकाच क्रमांकावरच्या नोंदी एकत्र लावल्या की कुठला मुंत्यान कुठल्या घरचा ते निवडता येतं, आणि मग तुमचा 1909 चा माणूस त्यातला कोण हे बापाच्या नावावरून ताडून बघा.